शहापूरच्या वाटेवरची सायकल

नागपुराहून पूर्वेस रायपूरकडे जाणाऱ्या ज्या सडकेला इंग्रजी अंमलात ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ असे भारदस्त नाव होते, स्वातंत्र्यानंतर जी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून सरकारी दप्तरात नोंदली गेली आणि अलीकडच्या फेरक्रमांकनात जिच्या वाट्याला ५३ हा आकडा आला, त्याच सडकेवर, भंडारा शहर अजून थोडे पुढे असताना, धानाच्या बांध्यांनी वेढलेले शहापूर लागते. सडकेच्या काठी वसलेल्या गावाचा इतिहास लिहू जाता तो राजेरजवाड्यांच्या स्वाऱ्यांचा फारसा होत नाही. सकाळी त्या सडकेने कोण निघाले, कशावर बसून निघाले आणि दिवेलागणीला कसे परतले, याचाच तो अधिक होतो. बैलबंडीची सद्दी ओसरल्यावर आणि फटफटीची सुरू होण्याआधी जो दीर्घ काळ गेला, त्यावर या परिसरात खरा अंमल गाजविला तो सायकलीने. आणि त्या अंमलात एक प्रकरण सदैव निकालाविना पडून राहिले, ते असे की जुनी सायकल दुरुस्त करावी, की मोडीत काढून नवी घ्यावी?

वरवर पाहता हा प्रश्न ज्याच्या त्याच्या खिशाचा आहे. परंतु मागे वळून पाहू लागले म्हणजे ध्यानात येते की त्याचे उत्तर सायकलस्वाराने एकट्याने क्वचितच दिले आहे. कधी ते आयातीवरील निर्बंधांनी दिले, कधी लुधियान्याच्या कारखानदारांनी, कधी सरकारी तिजोरीच्या नियमांनी आणि शेवटी तर रस्त्याच्या रुंदीने.

सारख्या उंचीची दोन चाके आणि मागील चाकाला गती देणारी साखळी ही आज सर्वपरिचित असलेली आकृती जॉन केंप स्टार्ली याने इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे १८८५ मध्ये सिद्ध केली. तीन वर्षांनी जॉन बॉइड डनलॉप याने तिला हवेचा टायर मिळवून दिला. आणि एकोणिसावे शतक सरता सरता ती गोऱ्या अधिकाऱ्यांच्या व मिशनऱ्यांच्या सामानासोबत हिंदुस्थानात उतरली. पुढे ती मध्य प्रांतातल्या वकिलांकडे, शाळा-तपासनिसांकडे आणि हौशी मालगुजारांच्या वाड्यांत आली. त्या काळच्या सायकली विलायतीच असत: रॅले नॉटिंगहॅमची, हर्क्युलिस आणि बी.एस.ए. बर्मिंगहॅमच्या. यांपैकी बी.एस.ए. ही मुळात बंदुका बनविणाऱ्यांची कंपनी, आणि तिच्या बोधचिन्हात एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका असत. शस्त्रांच्या कारखान्यातून निघालेली सायकल ज्या मुलखात आली, त्याच मुलखात पुढे शस्त्रास्त्रांचा कारखाना उभा राहावा आणि त्याच्या कामगारांनी सायकलवरूनच कामाला जावे, हा योगायोग इतिहासात नमूद करण्याइतका महत्त्वाचा नसेल, पण मला तो गमतीचा वाटतो.

विलायती सायकलीच्या धन्यापुढे नव्याचा पर्याय नावालाच असे. एखादा सुटा भाग हवा झाला तर मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या व्यापाऱ्याला पत्र लिहावे, मालाने बंगाल-नागपूर रेल्वेने प्रवास करून शहरापासून दूर असलेल्या भंडारा रोड स्थानकावर, म्हणजे वरठीला, उतरावे आणि तेथून बंडीत पडून गावी यावे, अशी ती दिरंगाईची तजवीज होती. त्यामुळे गावातल्या गावात जे सांधता येईल ते सांधण्याकडे कल असणे स्वाभाविक होते, आणि सुदैवाने त्या सायकलीची घडणही सांधण्याला अनुकूल होती.

ही घडण थोडी निवांतपणे पाहण्यासारखी आहे. रोडस्टर जातीच्या सायकलीचा सांगाडा म्हणजे पोलादी नळ्यांचा चौकोन. या नळ्या कोपऱ्यांवरच्या पोलादी खोबणींत बसवून फटींत वितळलेले पितळ उतरविले जाई, म्हणजे सांधा झाळला जाई. तो तडकला तर पुन्हा तापवून पुन्हा झाळता येत असे. आणि ज्या भंडाऱ्याची पितळी भांडी दूरदूरच्या बाजारांत जात, तेथे पितळ वितळवून सांधा जोडणे ही काही परकी विद्या नव्हती. ब्रेकांना तारेच्या दोऱ्या नसत, पोलादी दांड्या असत. त्यांचे रबरी गुटके रिंगेला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरण्याऐवजी आऱ्यांच्या अंगाने आतून तिच्यावर दाबले जात, त्यामुळे चाकाला थोडा आऊट येऊन ते डुलू लागले तरी ब्रेक निकामी होत नसे. पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०, कारण माणूस, धानाचे पोते आणि प्रसंगी कुटुंबातले आणखी एखादे माणूस यांचा बहुतेक भार मागच्या चाकावर पडणार, हे बनविणाऱ्याने गृहीत धरलेले. एखादी तार तुटली तर उरलेल्या तिचे ओझे वाटून घेत आणि स्वार घरापर्यंत पोहोचे. पायटा आसाला घट्ट धरून ठेवणारी कॉटरपिन ही लहानशी पाचर तर झिजण्यासाठीच जन्मास आलेली होती. ती झिजली की प्रत्येक फेऱ्याला पायाखाली टक् असा हादरा बसे. मिस्त्री जुनी ठोकून काढी, नवी कानशीने घासून बेताची करी आणि ठोकून बसवी, की पायट्याचा आणखी वर्षाचा प्रश्न मिटला. चाकाच्या हबमध्ये कप, कोन आणि छर्रे हे निरनिराळे, निरनिराळ्या किमतीचे आणि निरनिराळे विकत मिळणारे. कोन खड्डाळला म्हणून सबंध हब फेकण्याचे कारण नाही.

एकाच ठिकाणी ही सुटे सुटे बदलण्याची सोय थांबत असे. साखळी वापराने ताणली जाते आणि तिच्या संगतीने दातेही झिजतात. अशा झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी चढविली तर ती घसरते, उडते आणि ऐन चढावर स्वाराला फसवते. म्हणून साखळी, फ्रीव्हील आणि पुढचे दातेरी चाक हे तिन्ही एकदम बदलावे असा आग्रह मिस्त्री धरतो आणि गिऱ्हाईक मनातल्या मनात त्याला लबाड ठरवते. हा आरोप बहुधा अन्यायाचा असतो.

तुकड्यातुकड्यांनी बदलत गेलेली सायकल अखेर तीच राहते काय, ही शंका केवळ पोरकट नव्हे. पाली वाङ्मयातील मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात रथाचा दृष्टान्त आहे, आणि भंडारा जिल्ह्याला तो परका नाही, कारण याच जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या पवनी येथे १९६९-७० च्या सुमारास झालेल्या उत्खननांत फार प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. आस हा रथ नव्हे, चाके हा रथ नव्हे, सांगाडाही रथ नव्हे. या साऱ्यांच्या संयोगाला व्यवहारापुरते दिलेले नाव म्हणजे रथ, असे नागसेनाचे तात्पर्य. सायकल मिस्त्रीला ते तत्काळ पटले असते. सायकलीच्या धन्याला मात्र पटले नसते, आणि कायदाही धन्याच्या बाजूने उभा राहिला असता. कारण खरेदीच्या पावतीवर आणि चोरीच्या फिर्यादीत जो क्रमांक लिहावा लागतो, तो सांगाड्यावर ठोकलेला असतो. चाके दोनदा बदलली, सीट तीनदा बदलली, हँडल एका अपघातात वाकून गेले, तरी सांगाडा शाबूत आहे तोवर सायकल वडिलांची ती वडिलांचीच. “फ्रेम साजरी आहे जी, बाकीचं होऊन जाईल,” हे मिस्त्रीचे आश्वासन म्हणूनच गिऱ्हाइकाच्या कानाला गोड लागे. दुरुस्ती की नवी या वादात अनेक पिढ्यांनी काढलेला मधला मार्ग हाच होता: सांगाडा ही स्थावर मिळकत समजावी आणि बाकीचे सारे जंगम.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि या मधल्या मार्गावाचून दुसरा मार्गच उरला नाही. इंग्लंडातले कारखाने युद्धसामग्रीकडे वळले; १९४२ च्या आरंभी मलाया जपान्यांच्या हाती पडल्यामुळे रबराचा मोठा पुरवठा तुटला. हुगळीकाठी साहागंज येथे डनलॉपचा टायरचा कारखाना १९३६ पासून चालू होता, परंतु युद्धकाळात लष्कराची निकड आधी आणि नागरिकांची गरज नंतर, असा क्रम लागतो. फाटक्या टायरच्या आतून जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटर, घालून चाक चालविण्याची जी युक्ती पुढेही दीर्घकाळ टिकली, ती अशा टंचाईच्या दिवसांचीच विद्या आहे. गेटर घातलेले चाक दर फेऱ्याला एक उसळी घेते. त्या उसळीला सरावलेला स्वार तिची तक्रार करीत नाही.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि देशी कारखानदारी उभी राहिली: मद्रासेस १९४९ मध्ये टी.आय. सायकल्स, आसनसोलजवळ सेन-रॅले, सोनीपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस, आणि फाळणीच्या सुमारास पश्चिम पंजाबातून येऊन लुधियान्यात सुटे भाग विकणाऱ्या मुंजाल बंधूंची १९५६ मध्ये हीरो. या कारखानदारीने विलायती सायकलीला हटविले हे तर खरेच. पण शहापूरसारख्या गावाच्या दृष्टीने तिची अधिक महत्त्वाची करणी अशी की तिने मापे बहुतांशी विलायतीच ठेवली. तेच २८ इंची चाक, त्याच ३२ आणि ४० तारा, तीच कॉटरपिन. परिणामी लुधियान्याच्या एखाद्या लहानशा शेडमध्ये घडलेला कोन बर्मिंगहॅमच्या जुन्या हबात बसू लागला, आणि आजवर ज्यासाठी कलकत्त्याला पत्र लिहावे लागे तो जिन्नस भंडाऱ्याच्या बाजारात कागदी पुडीत मिळू लागला. रॅलेच्या काही आट्यांची मापे मात्र निराळी असत; तेवढ्यापुरता मिस्त्री त्या साहेबी सायकलीच्या नावाने बोटे मोडी. दुरुस्तीचे खरे सुवर्णयुग हे असे देशी उत्पादनाने आणले. नवी सायकल बनविणाऱ्या कारखान्यांनीच जुनी सायकल जगविली, याचे नवल वाटावे; परंतु सुटा भाग स्वस्त आणि सर्वत्र सारखा झाल्यावाचून दुरुस्तीचा धंदा पसरत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे नवल ओसरते.

याच सुमारास गावाची घडीही बदलत होती. १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातली मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून गावांवरचे मालगुजारांचे स्वामित्व शासनाकडे गेले. सायकल वाड्यातून बाहेर पडली आणि गुरुजी, पटवारी, टपालवाला, पुढे ग्रामसेवक, विडीच्या पानांचा नि तंबाखूचा हिशेब ठेवणारा ठेकेदार, दुधाच्या कॅना अडकविणारा गवळी, यांच्या हाती आली. लग्नात नवरदेवाला मनगटी घड्याळासोबत सायकल देण्याची चाल पडली, ती याच काळाची देणगी. आणि वाड्यातल्या मुलाला जे सुख मिळत नसे ते शेतकऱ्याच्या पोराला मिळू लागले: आडव्या नळीखालून पाय घालून कैची चालवीत, अर्धाअर्धा पायटा मारीत, बाजारापर्यंत जाण्याचे. मालगुजारांच्या सत्तेबरोबर त्यांच्या देखरेखीखालचे तलावही सरकारजमा झाले. त्यांना आजही माजी मालगुजारी तलाव म्हणतात, आणि त्यांच्या पाळींची व पाटांची डागडुजी कोणी करावी याचा घोळ पुढे अनेक वर्षे चालू राहिला. ज्या तलावांवर जिल्ह्याचे धान पिकते ते गाळाने भरत असताना त्याच गावांतल्या सायकली मात्र वर्षानुवर्षे चालत्या होत्या, यातले अंतर विचार करण्यासारखे आहे. सायकलीचा धनी एक होता, तो रोज तिच्यावर बसत होता, आणि ती बंद पडली तर त्याचा दिवस बुडत होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. पण शहापूरच्या रोजच्या जाण्यायेण्याला कलाटणी मिळाली ती राज्यांच्या फेररचनेने नव्हे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर देशाच्या संरक्षण-उत्पादनाचा जो विस्तार झाला, त्यात साठोत्तर दशकात शहापूरला लागूनच जवाहरनगर वसले आणि तेथे आयुध निर्माणी उभी राहिली. शेतीच्या हंगामावर चालणाऱ्या मुलखात पाळीच्या वेळेवर चालणारी नोकरी आली. धानाची रोवणी एक दिवस पुढे गेली तर चालते. पाळीला एक घटका उशीर चालत नाही. ज्या सायकलीने आजवर सवडीने बाजार गाठला होता, तिला आता पहाटेच्या अंधारात नेमाने फाटक गाठावे लागले. दुरुस्ती की नवी या प्रश्नाला त्यामुळे निराळी धार चढली: वाटेत साखळी तुटणे ही केवळ गैरसोय न राहता हजेरीपटावरची खूण झाली.

सरकारी नोकरीबरोबर सरकारी तिजोरीही या प्रश्नात उतरली. केंद्र शासनाच्या नियमांत सायकलीसाठी दोन निरनिराळी शीर्षे होती, आणि त्यांतला फरक मोठा सूचक आहे. पहिले शीर्ष सायकल अग्रिमाचे: कमी वेतनाच्या नोकराने दरखास्त करावी, मंजुरीनंतर रक्कम उचलून सायकल विकत घ्यावी आणि मासिक हप्त्यांनी वेतनातून फेडावी, ठरावीक मुदतीच्या आत दुसरा अग्रिम मागू नये. दुसरे शीर्ष सायकल भत्त्याचे: ज्याला सरकारी कामासाठीच सायकल फिरवावी लागते, जसे टपालवाल्याला, त्याला तिच्या देखभालीसाठी दरमहा काही रक्कम मिळावी. घरापासून फाटकापर्यंत जाणाऱ्याची झीज ही सरकारी कामाची झीज नव्हे, ती त्याची खासगी बाब. अशा रीतीने निर्माणीच्या कामगाराला शासन नवी सायकल घेण्यास हातभार लावी, पण तीच सायकल पुढे चालती ठेवण्याचा भार त्याने स्वतः सोसावा असे मानी. नियम करणाऱ्याच्या मनात तसा हेतू नसेलही. परंतु अग्रिमाची मुदत संपेपर्यंत जुनीला सांभाळणे आणि मुदत सरताच नवीसाठी अर्ज करणे, असा हिशेब मांडण्यास या नियमाने वाव दिला होता. मग जुनी सायकल मोडीत जात नसे. ती धाकट्या भावाकडे, नाही तर शेतावर राबणाऱ्या वडिलांकडे जाई, आणि तिच्या दुरुस्तीचे दुसरे आयुष्य तेथे सुरू होई.

हे दुसरे आयुष्य ज्याच्या हाती होते तो सायकल मिस्त्री हा गावगाड्यातला एक नवाच माणूस होता. सुतार, लोहार यांना गावाचे काम आणि गावाचे धान ठरलेले असे. मिस्त्री मात्र बलुत्याच्या चौकटीबाहेरचा, रोखीचा कारागीर. त्याचे भांडवल म्हणजे सडकेकाठचे एखादे झाड किंवा पत्र्याचे खोपट, हवेचा पंप, पंक्चर शोधण्यासाठी पाण्याचे घमेले, सोल्युशनची नळी, चाकाचा आऊट काढण्याची चावी, आणि काळ्या तेलाने माखलेला एक डबा, ज्यात दुसऱ्या सायकलींतून निघालेले पण अजून कामाला येतील असे नट, कोन, कॉटर पडलेले असत. त्या डब्यातच त्याच्या धंद्याचे मर्म होते. नवा भाग घालावा, की डब्यातला घालावा, की आहे तोच उलटा फिरवून आणखी चार महिने चालवावा, हे गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून ठरे. धान निघून हातात पैसा खुळखुळू लागला म्हणजे लोक ओव्हरॉयलिंगला सायकल देत. तेव्हा ती पूर्ण खोलली जाई, घासलेटने धुतली जाई, छर्रे मोजून नव्या ग्रीसमध्ये बसत. पावसाळ्याच्या तोंडी नुसतीच चेन घट्ट करून मागत. मिस्त्रीचे दर ठरलेले असत, पण उधारीची मुदत ज्याच्या त्याच्या शेताप्रमाणे.

या व्यवस्थेला पहिला धक्का पुण्याच्या फिरोदियांच्या लुना या लहानग्या वाहनाने १९७२ नंतर दिला आणि दुसरा, अधिक जबर, ऐंशीच्या दशकात हीरो-होंडाच्या मोटारसायकलीने. ज्या मुंजालांनी सायकलीचे सुटे भाग खेडोपाडी पोहोचविले, त्यांनीच सायकलीच्या मालकाला पेट्रोलच्या वाहनावर बसविले, यात विसंगती नाही; बाजार ओळखणारा माणूस दोन्ही वेळा तोच होता. मिळवता पुरुष सायकलीवरून उतरला आणि सायकल विद्यार्थ्यांकडे, म्हाताऱ्यांकडे नि अगदी गरिबांकडे उरली. तिच्यावर कोणाची हजेरी अवलंबून राहिली नाही, तशी तिच्या दुरुस्तीची निकडही ओसरली.

त्याच वेळी सायकलच बदलली. लोक जिला सरसकट रेंजर म्हणतात ती जाड टायरची, आडव्या मुठीची सायकल आली. मग दोरीचे ब्रेक, पुढे गिअर. पाच कंपन्यांची पाच मापे; या सायकलीचा भाग त्या सायकलीला लागेना. झाळलेल्या खोबणींच्या जागी पातळ नळ्यांचे वेल्डिंग आले, आणि ते तुटले की शेजारची नळीही कमकुवत झालेली आढळे. मिस्त्रीची मजुरी इतर मजुरीबरोबर वाढली, कारण त्यालाही तोच बाजार करायचा होता. नव्या सायकलीची किंमत तितक्या वेगाने वाढली नाही. दोन रिंगा, साखळीचा सेट, टायर-ट्यूब आणि मजुरी यांची बेरीज नवीच्या किमतीच्या जवळ येऊ लागली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला मधला मार्ग बंद पडला. सांगाडा स्थावर मिळकत उरला नाही. जुन्या पिढीने याला उधळेपणा म्हणावे हे समजण्यासारखे आहे, पण ते मला मान्य नाही. माणसे बदलली नाहीत, बेरीज बदलली. सोनीपतच्या अ‍ॅटलसने तर आपला साहिबाबादचा अखेरचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकलदिनीच, बंद केला, आणि त्या नावाच्या सायकली बाळगणाऱ्यांना सुट्या भागांसाठी पुन्हा जुन्या डब्यांचाच आधार उरला.

रस्त्यानेही आपला निकाल दिला. महामार्ग चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला, आणि समोर दिसणाऱ्या दुकानापर्यंत जाण्यासाठी सायकलस्वाराला एक तर दूरच्या फटीपर्यंत जाऊन वळावे लागते, नाही तर उलट्या बाजूने, अंगावर येणाऱ्या मालमोटारींच्या तोंडी जावे लागते. शहापूरला मनोहरभाई पटेलांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शाळा आहेत, निर्माणी आहे. अंतरे अजूनही सायकलीच्या आवाक्यातली आहेत, परंतु त्या अंतरांमधली सडक सायकलीची राहिलेली नाही. ज्या वाहनावर रोज बसण्याची छाती होत नाही, त्याच्या दुरुस्तीवर कोण खर्च करील?

तरीही सायकल संपली असे म्हणता येत नाही. महाराष्ट्र शासन मानव विकास कार्यक्रमाखाली ग्रामीण भागातल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकलीचे साहाय्य देते. ज्या वाहनाने गावातले पुरुष निर्माणीच्या फाटकापर्यंत गेले, त्यावर आता मुली शाळेच्या फाटकापर्यंत जातात, हा या इतिहासातला मला सर्वांत समाधानकारक वाटणारा पालट आहे. मात्र या साहाय्यात खरेदीचाच विचार आहे. पंक्चरचा, साखळीचा, ब्रेकच्या गुटक्यांचा नाही. मुलीची सायकल वर्षभरात घराच्या भिंतीला टेकून उभी राहिली तर दोष मुलीचा नसतो, मिस्त्री गावात न उरण्याचा असतो.

केंद्राच्या तिजोरीने मात्र नेमका उलट पवित्रा घेतला आहे. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ मध्ये, ज्या बिनव्याजी अग्रिमांना कात्री लागली त्यांत सायकल अग्रिमही गेला. सायकल भत्ताही काढून टाकावा असे आयोगाने सुचविले होते. परंतु मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये ते मानले नाही आणि टपाल खाते व रेल्वे यांच्यासाठी तो दरमहा ९० रुपयांवरून १८० रुपये केला. निर्माणीच्या कामगाराला या दोहोंपैकी काहीच लागू राहिले नाही. आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून तर ती निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीची झाली. टपालवाल्याला नवी सायकल घ्यायची तर ती त्याने स्वतःच्या पैशाने घ्यावी. जुनी चालती ठेवायची तर महिन्याचे १८० रुपये आहेत, आणि त्यात एक ओव्हरॉयलिंग कसेबसे बसते की नाही, हे मिस्त्रीला विचारावे लागेल.